एक विमान, तीन धनी

ब्रिटिश नौदलाचे एफ-३५ बी जातीचे एक लढाऊ विमान १४ जून २०२५ रोजी तिरुवनंतपुरमच्या विमानतळावर अवचित उतरले. इंधन कमी पडले होते आणि हवामान प्रतिकूल होते. पुढे त्याच्या हायड्रॉलिक यंत्रणेत बिघाड असल्याचे आढळले आणि जगातील सर्वांत प्रगत म्हणविले जाणारे हे विमान पाच आठवडे केरळच्या पावसात अडकून पडले. केरळच्या पर्यटन खात्याने या पाहुण्यावरून जाहिरात केली, व्यंगचित्रकारांना आयता विषय मिळाला आणि २२ जुलैला विमान उडून गेल्यावर लोक ते विसरलेही. बिघाड कोणत्याही यंत्रात होऊ शकतो, तेव्हा त्या प्रसंगावरून विमानाची लायकी ठरविणे अन्यायाचे होईल. तथापि त्या विमानाची दोन अन्य भावंडे आहेत, तिघांच्या जन्मकथेवर अमेरिकेने अपार पैसा आणि सुमारे तीन दशके खर्च केली आहेत. आणि ती कथा थट्टेवारी नेण्यासारखी नाही. भारताने तर ती मुळीच नेऊ नये.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी पंतप्रधान मोदी यांच्या भेटीच्या वेळी हे विमान भारताला देण्याचा मार्ग मोकळा करण्याची भाषा केली होती. त्या संदर्भात अमरावतीचे खासदार बळवंत वानखडे यांनी लोकसभेत प्रश्न विचारला असता, या विषयावर अद्याप औपचारिक चर्चा झालेली नाही, असे उत्तर सरकारने ऑगस्टच्या आरंभी दिले. म्हणजे खरेदीचा प्रश्न तूर्त दूर आहे. जवळचा प्रश्न निराळाच आहे. भारत स्वतःचे रडारला चकविणारे विमान बांधावयास निघाला आहे, आणि ते बांधताना कोणत्या चुका टाळावयाच्या याचे उत्तर एफ-३५ च्या इतिहासात जितके स्पष्ट मिळते तितके अन्यत्र कोठेही मिळत नाही.

या विमानाची मूळ कल्पना काटकसरीची होती, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. शीतयुद्ध संपल्यानंतर अमेरिकेच्या संरक्षणखर्चाला कात्री लागली. हवाई दलाची एफ-१६, नौदलाची एफ-१८ आणि 'मरीन' दलाची हॅरियर ही विमाने वीस-पंचवीस वर्षांत एकापाठोपाठ एक जुनी होणार होती. तिन्ही दलांसाठी तीन स्वतंत्र विमाने बांधण्याऐवजी एकच का बांधू नये, असा प्रश्न १९९३ च्या सुमारास पेंटॅगॉनमध्ये विचारला गेला. एकच आराखडा, एकच कारखाना, सुट्या भागांचे एकच कोठार. तीन मुलांना एकाच ताग्यातून सदरे शिवावेत म्हणजे शिलाईही वाचते आणि कापडही, हा हिशेब कोणत्याही कारकुनाच्या घरात पटण्यासारखा आहे. पेंटॅगॉनलाही तो पटला. १९९६ मध्ये बोइंग व लॉकहीड मार्टिन या दोन कंपन्यांना नमुने बांधण्यास सांगण्यात आले आणि २६ ऑक्टोबर २००१ रोजी लॉकहीडची निवड झाली. तिन्ही प्रकारांत सत्तर ते नव्वद टक्के भाग समान असतील, असे तेव्हा गृहीत धरले होते.

हा प्रयोग अमेरिकेने पूर्वी एकदा केला होता, आणि तो फसलाही होता. फोर्ड मोटार कंपनीच्या अध्यक्षपदावरून संरक्षणमंत्री झालेले रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६१ साली हवाई दल आणि नौदल यांना एकच विमान घेण्यास भाग पाडले. हवाई दलाला जमिनीलगत दूरवर वेगाने जाणारे बॉम्बफेके विमान हवे होते, तर नौदलाला आकाशात तासन् तास घिरट्या घालून आपल्या ताफ्याचे रक्षण करणारे. दोघांच्या मागण्यांची मोट बांधून जे एफ-१११ निर्माण झाले ते विमानवाहू नौकेसाठी फारच जड निघाले. व्हाइस ॲडमिरल टॉमस कॉनली यांनी सिनेटच्या समितीपुढे नि:संकोचपणे सांगितले की, कितीही शक्तीचे एंजिन बसविले तरी याचे लढाऊ विमान होणार नाही. १९६८ मध्ये नौदलाची आवृत्ती मोडीत निघाली आणि तिच्या जागी एफ-१४ आले. त्याच्या 'टॉमकॅट' या नावात कॉनली यांच्या नावाचा अंश आहे, असे मानले जाते. मंत्र्याला विरोध करणाऱ्या अधिकाऱ्याचे एवढे सुंदर स्मारक क्वचितच झाले असेल. गंमत अशी की, नौदलाचे जोखड निघाल्यावर तेच एफ-१११ हवाई दलाचे उत्तम बॉम्बफेके विमान ठरले आणि ऑस्ट्रेलियाने तर ते २०१० पर्यंत वापरले.

याच मॅक्नमारांच्या काळात नौदलासाठी बांधलेले फॅन्टम विमान हवाई दलाने आणि मरीन दलानेही स्वीकारले व ते तिघांनाही लाभले, हे मॅक्नमारांचे समर्थक नेहमी सांगतात. ते खरेही आहे. परंतु फॅन्टम आधी एका धन्यासाठी तयार झाले, उडाले, सिद्ध झाले आणि मग इतरांनी ते उचलले. तयार झालेली वस्तू दुसऱ्याने वापरणे आणि तिघांनी एकत्र बसून तिचा आराखडा ठरविणे, या दोन क्रियांत महदंतर आहे.

एफ-३५ च्या बाबतीत तर धनी दोन नव्हते, तीन होते, आणि तिसऱ्या धन्याची मागणी सर्वांत अवघड होती. मरीन हे अमेरिकेचे समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारे दल. ऑगस्ट १९४२ मध्ये ग्वादालकनाल बेटावर हे सैनिक उतरले आणि एक-दोन दिवसांतच नौदलाने आपल्या विमानवाहू नौका सुरक्षित अंतरावर मागे घेतल्या. डोक्यावर स्वतःचे विमान नाही आणि समोर जपानी सैन्य, अशी ती अवस्था होती. 'आमची विमाने आमच्याजवळ हवीत' हा त्या दलाचा हट्ट त्या आठवणीत रुजलेला आहे. आखूड धावपट्टीवरून वा लहान जहाजावरून उडणारे आणि उभ्याउभ्या उतरणारे विमान त्यांना हवे असते ते यासाठी. हट्टामागे इतिहास आहे, त्यामुळे त्याला केवळ खात्याखात्यांतील मत्सर म्हणून बाजूला सारता येत नाही. पण त्या हट्टाची किंमत इतर दोन दलांनी का द्यावी, हा प्रश्न उरतोच, आणि १९९० च्या दशकात तो कोणी पुरेशा जोराने विचारला नाही.

किंमत नेमकी कशी द्यावी लागली, हे समजून घेण्यासारखे आहे. उभे उतरण्यासाठी एफ-३५ बी च्या वैमानिकामागे एक मोठा आडवा पंखा बसविलेला आहे. मागच्या एंजिनातून येणारा दंड तो फिरवितो, आणि एंजिनाचा मागचा झोत खाली वळविला जातो. पुढे पंखा, मागे झोत, यांवर विमान तोलले जाते. ही करामत थक्क करणारी आहे यात शंका नाही. जुलै २००१ मध्ये प्रायोगिक विमानाने आखूड उड्डाण, ध्वनीहून अधिक वेग आणि उभे अवतरण एकाच उड्डाणात साधले, तेव्हा जगातील वैमानिकी अभियंत्यांनी तोंडात बोटे घातली. पण या पंख्यासाठी मधोमध जागा ठेवावी लागली. त्यामुळे शस्त्रे ठेवण्याचे कप्पे दोन्ही बाजूंना गेले, आणि रडारपासून लपण्यासाठी ती शस्त्रे पोटातच ठेवणे भाग असल्याने धड रुंद झाले. विमान रुंद झाले की हवेचा अवरोध वाढतो. हवाई दलाच्या ए आणि नौदलाच्या सी प्रकारात पंखा नाही, त्या जागी इंधन आहे; पण धडाची ठेवण त्याच कुटुंबाची. जो पंखा त्यांच्याजवळ नाही त्याच्यासाठी बेतलेला अंगरखा ती दोन भावंडे जन्मभर घालून हिंडणार आहेत.

एवढे करूनही भावंडे सारखी राहिली नाहीत. नौकेवर मंद गतीने उतरता यावे म्हणून सी प्रकाराचे पंख जवळजवळ दीडपट मोठे करावे लागले. बी च्या पोटात दोन हजार पौंडी बॉम्ब मावेना. ए मध्ये तोफ आत बसविली, बी आणि सी मध्ये नाही. २००४ मध्ये बी प्रकाराचे वजन सुमारे टनभर जास्त भरले आणि ते घटविण्यासाठी आराखडा पुन्हा मांडावा लागला. त्या दुरुस्तीत वेळ तर गेलाच, पण तिघांतील साम्यही झिजले. नौदलाच्या विमानाची २०११ मधील कथा तर बोधपर आहे. विमानवाहू नौकेवर उतरणाऱ्या विमानाला शेपटीखाली एक आकडा असतो; तो डेकवरील तारेत अडकतो आणि विमान थांबते. रडारपासून लपविण्यासाठी हा आकडा पोटात दडविला गेला, आणि त्यामुळे तो चाकांच्या फार जवळ आला. चाके तारेवरून गेली की तार खाली दबे, आणि ती पुन्हा वर येण्यापूर्वीच आकडा पुढे निघून जाई. जमिनीवरील चाचणीत आठ प्रयत्नांत तो एकदाही अडकला नाही. आकड्याचा आराखडा बदलल्यानंतर नोव्हेंबर २०१४ मध्ये हे विमान प्रथमच नौकेवर उतरले. २०१६ मध्ये कार्यक्रमाचे प्रमुख ले. जन. ख्रिस्तोफर बॉगडन यांनी जाहीरपणे सांगितले की, तीन प्रकारांतील साम्य वीस ते पंचवीस टक्केच आहे. म्हणजे एका ताग्यातून तीन सदरे शिवण्याची गोष्ट संपली होती. तीन वेगळे सदरे होते, आणि शिंपी मात्र एकच होता.

काटकसरीचा हिशेब शेवटी कोठे जाऊन पोहोचला? २००१ मध्ये २,८६६ विमानांसाठी २३३ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज होता. २०१२ मध्ये विमाने २,४५७ वर आली आणि आकडा सुमारे ३९६ अब्जांवर गेला. विमाने चारशेंनी घटली, खर्च दीडपटीहून वाढला. त्याहून भयंकर आकडा देखभालीचा आहे. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२४ मध्ये दाखवून दिले की, या ताफ्याच्या आयुष्यभराच्या देखभालीचा अंदाज पाच वर्षांत १,१०० अब्ज डॉलरवरून १,५८० अब्जांवर गेला आहे. खरेदीसह एकूण आकडा दोन हजार अब्जांपलीकडे जातो. मार्च २०२३ मध्ये कामगिरीस सज्ज असलेल्या विमानांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते, उद्दिष्ट ८५ ते ९० टक्क्यांचे. रँड या संस्थेने अमेरिकी हवाई दलासाठी २०१३ मध्ये केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की, तीन दलांनी तीन स्वतंत्र विमाने बांधली असती तर ती या एका विमानाहून स्वस्त पडली असती. सरकारी खर्चाने पोसलेल्या अभ्यासाने सरकारच्या सर्वांत मोठ्या प्रकल्पाविषयी एवढे स्पष्ट बोलावे, हे मात्र अमेरिकी लोकशाहीला भूषणावह आहे.

मग प्रकल्प थांबविला का गेला नाही? थांबविता येऊ नये अशीच त्याची रचना होती. त्याचे सुटे भाग अमेरिकेच्या पन्नासपैकी पंचेचाळीसहून अधिक राज्यांत तयार होतात. कोणत्या सिनेटरने आपल्या मतदारांच्या नोकऱ्यांवर कुऱ्हाड चालवावी? चाचण्या संपण्यापूर्वीच उत्पादन सुरू करण्यात आले. दोष हाती येत तोपर्यंत शेकडो विमाने बाहेर पडलेली असत आणि ती पुन्हा कारखान्यात नेऊन दुरुस्त करावी लागत. पेंटॅगॉनचेच खरेदीप्रमुख फ्रँक केंडल यांनी २०१२ मध्ये या पद्धतीला खरेदीतील अक्षम्य हलगर्जी ठरावी अशा शब्दांत दोष दिला. पूर्ण उत्पादनाची औपचारिक मंजुरी मार्च २०२४ मध्ये मिळाली, तेव्हा हजाराच्या आसपास विमाने तयारही झाली होती. २०१० मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी प्रकल्पप्रमुखाला दूर केले, कंपनीचे ६१ कोटी ४० लाख डॉलर अडवून धरले, पुढच्या वर्षी बी प्रकाराला दोन वर्षांच्या 'परीक्षेवर' ठेवले. पण परीक्षार्थी एवढा मोठा झाला होता की, त्याला नापास करणे परीक्षकालाच परवडणारे नव्हते.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. एफ-३५ हे निरुपयोगी विमान आहे, हा जो सूर एके काळी लागला होता तो आज टिकणारा नाही. जून २०२५ मध्ये इस्रायलने इराणवर केलेल्या हल्ल्यांत ही विमाने शत्रूच्या आकाशात वावरली. विमान लपते, दूरचे पाहते आणि पाहिलेले इतर विमानांना कळविते, हे त्याचे तीन गुण खरे आहेत. ए प्रकाराची किंमत मोठ्या संख्येमुळे एका टप्प्यावर आठ कोटी डॉलरखालीही आली होती. वीसच्या आसपास देशांनी ते निवडले आहे, आणि ते सगळे मूर्ख आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल. मुद्दा एवढाच की, हे गुण तिघांच्या एकत्रीकरणातून आलेले नाहीत. ते आकारातून, रडारमधून, संगणकांतून आणि अफाट पैशांतून आलेले आहेत. एकत्रीकरणाने दिला तो वेळेचा अपव्यय आणि रुंद धड.

एकत्रीकरण नेहमीच फसते, असा सिद्धांत मात्र येथून काढता येणार नाही. कारण फ्रान्सचे राफेल समोर आहे. फ्रान्सने १९८५ मध्ये युरोपीय देशांच्या संयुक्त विमानातून अंग काढून घेतले. त्यामागच्या कारणांत, आपल्या विमानवाहू नौकेवर उतरेल असे विमान हवे, हेही एक होते. मग त्यांनी आरंभापासून नौकेचा विचार करून एक विमान बांधले आणि ते हवाई दल व नौदल दोघांनी घेतले. दोन्ही प्रकारांत बहुतांश भाग समान आहेत. भारताने हवाई दलासाठी ३६ राफेल घेतली आणि एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ घेण्याचा करार केला, तेव्हा या साम्याचा फायदा भारतालाही मिळेल. पण फ्रेंच धनी दोनच होते, उभे उतरण्याची मागणी कोणाचीच नव्हती, आणि सर्वांत कठीण अट, म्हणजे नौकेवर आदळून थांबण्याची, पहिल्या रेघेपासून कागदावर होती. समुद्रावर टिकणारे विमान जमिनीवर सहज टिकते. उलट दिशेने मात्र घोडे पेंड खाते.

खुद्द अमेरिकेने काय धडा घेतला, हे पाहण्यासाठी तिच्या भाषणांपेक्षा तिचे करार वाचावेत. पुढच्या पिढीचे विमान हवाई दलाने स्वतंत्रपणे आखले आणि मार्च २०२५ मध्ये त्याचे काम, एफ-४७ या नावाने, बोइंगला दिले. नौदलाचा पुढचा प्रकल्प निराळा आहे. तीन धन्यांचे विमान पुन्हा कोणी मागितलेले नाही.

भारतात हा प्रश्न आता प्रत्यक्ष टेबलावर आहे. 'तेजस'चा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला तो हवाई दलासाठी. त्याचीच नाविक आवृत्ती करण्याचा प्रयत्न झाला. पाय मजबूत केले, आकडा लावला आणि विमान जड झाले. डिसेंबर २०१६ मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल सुनील लांबा यांनी ते नौकेसाठी योग्य नसल्याचे स्पष्ट केले. जानेवारी २०२० मध्ये तेच विमान 'विक्रमादित्य'वर यशस्वीपणे उतरले ही अभियंत्यांची मोठी कामगिरी होय, आणि त्यातून मिळालेले ज्ञान वाया जाणार नाही. पण नौदलाने विमान घेतले ते फ्रान्सकडून. त्यानंतर हवाई दलासाठी 'ॲम्का' हे दोन एंजिनांचे स्टेल्थ विमान आणि नौदलासाठी दोन एंजिनांचे निराळे नाविक विमान अशी दोन कामे आखली गेली. 'ॲम्का'च्या विकासाला मार्च २०२४ मध्ये सुमारे १५ हजार कोटी रुपये मंजूर झाले आणि मे २०२५ मध्ये खासगी कंपन्यांनाही स्पर्धेत उतरता येईल अशी बांधणीची पद्धत ठरविण्यात आली.

आता ओघानेच येणारी सूचना अशी की, गरीब देशाला दोन विमाने हवीत कशाला? 'ॲम्का'लाच आकडा लावा, पंख दुमडते करा आणि नौदलाला द्या. सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ निवृत्त झाल्यावर हवाई दलाच्या तुकड्या मंजूर ४२ च्या जागी २९ वर आल्या आहेत. अशा वेळी अर्थ मंत्रालयातील एखाद्या अधिकाऱ्याने ही सूचना केली तर त्याला दोष देता येणार नाही; तो आपले काम करीत असेल. तथापि तो हिशेब अमेरिकेने मांडून पाहिलेला आहे. हवाई दलाच्या विमानाचे पाय नौकेसाठी जाड केले तर हवाई दल जन्मभर ते वजन वाहील. आणि न केले तर नौदल 'तेजस'च्या वेळी जेथे होते तेथेच परत येईल. दोन्ही दलांना तडजोडीचे विमान उशिरा मिळेल, आणि तुकड्यांची संख्या ज्या काळात सावरावयास हवी नेमक्या त्याच काळात ते मिळणार नाही.

बचत करावयाची असेल तर ती धडात नव्हे, आतड्यांत करावी. एंजिन एक असू शकते. रडार, क्षेपणास्त्रे, वैमानिकापुढचे पडदे, संगणक व त्याची प्रणाली, ही सर्व दोन्ही विमानांत समान असू शकतात; खर्चाचा मोठा वाटा तेथेच असतो आणि ज्ञानाचाही. यांपैकी एंजिनाकडे विशेष लक्ष हवे. 'तेजस'ची नवी आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून आकाशात झेपावली, ही महाराष्ट्राला आनंदाची गोष्ट. परंतु त्या आवृत्तीचा पुरवठा रखडण्याचे एक प्रमुख कारण अमेरिकेकडून एंजिने वेळेवर न येणे हे होते. ओझरच्या कामगाराने सांगाडा कितीही चोख जोडला तरी तो दुसऱ्या देशाच्या वेळापत्रकावर ताटकळत राहतो.

याच ठिकाणी एफ-३५ घेण्याच्या प्रस्तावाचाही विचार करता येतो. तुर्कस्तान या विमानाचा केवळ ग्राहक नव्हता, भागीदार होता. त्याचे कारखाने सुटे भाग करीत होते, त्याचे वैमानिक अमेरिकेत शिकत होते. रशियाकडून एस-४०० ही विमानवेधी यंत्रणा घेतल्याबद्दल जुलै २०१९ मध्ये त्याला प्रकल्पातून काढण्यात आले. भारताजवळ तीच एस-४०० आहे. विमानाची देखभाल, सुट्या भागांचा पुरवठा आणि संगणकप्रणाली यांची सूत्रे अमेरिकेच्या हाती असतात. इस्रायलने आपली काही उपकरणे त्यात बसविण्याची मुभा मिळविली, पण ती सवलत इतरांना मिळालेली नाही. रशियाबरोबर पाचव्या पिढीचे विमान बांधण्यासाठी भारताने २०१० मध्ये प्राथमिक आराखड्यावर साडेएकोणतीस कोटी डॉलर घातले आणि २०१८ मध्ये तो मार्ग सोडला, तेव्हाही तक्रार तंत्रज्ञान हाती न येण्याचीच होती.

'ॲम्का'ला अजून धोका आहे तो घरातूनच. मंजुरी मिळालेल्या विमानावर दरवर्षी एक नवी अपेक्षा चढविण्याची सवय संरक्षण खात्याला आहे. 'तेजस'ने ती भोगली आहे. पाच नमुने उडून चाचण्या पुऱ्या होण्यापूर्वी मोठ्या उत्पादनाचा नारळ फोडण्याचा मोहही होईल, कारण तुकड्या कमी आहेत आणि शेजारी चीनची जे-२० विमाने वाढत आहेत. हवाई दलाच्या अटी एकदा गोठवाव्यात, नौदलाचा सांगाडा स्वतंत्र ठेवावा, दोघांचे एंजिन व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यांचा खर्च एकाच शीर्षकाखाली टाकावा आणि चाचण्यांचा अहवाल दरवर्षी संसदेच्या संरक्षणविषयक समितीपुढे ठेवावा, एवढ्या चार गोष्टींसाठी नवा पैसा लागत नाही. त्या नाविक विमानाच्या मंजुरीच्या टिपणीतच लिहून टाकता येतील.